सहा दिवस, सहा रात्री सायकलवर

आपल्या वस्तीत सायकल म्हणजे कामावर नेणारी सोबतीण. पण शंभरावर वर्षांपूर्वी तिच्यावर सहा दिवस, सहा रात्री बसून पोट भरणारी माणसे होती. त्यांची हकिगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नोव्हेंबर १८७८ मध्ये लंडनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये अशी पहिली शर्यत झाली. त्या काळच्या सायकलींचे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे चिमुकले असे. शेफिल्डच्या बिल कॅनने १,०६० मैल कापून ती जिंकली. दिवस सहाच का? तर रविवार ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेचा, त्या दिवशी खेळ-तमाशे बंद.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा खेळ सुरू झाला. एकट्याने जमतील तितके मैल कापायचे. झोप घेतली की दुसरा पुढे गेलाच! म्हणून स्वार झोप टाळीत. मग भास होत, तोल जाई. मदतनीस त्यांना उचलून पुन्हा सायकलवर बसवीत. आणि लोक तिकीट काढून हे हाल बघत.

डिसेंबर १८९६ च्या शर्यतीत मेजर टेलर हा अठरा वर्षांचा काळा तरुण उतरला. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ मध्येच काळ्यांना सभासदत्वाचे दार बंद केले होते. तरीही टेलरने १,७०० मैलांवर मजल मारून आठवा क्रमांक मिळविला. कुणी सुरा घेऊन आपल्या मागे लागले आहे, असा भास त्याला होऊ लागला होता. हाच टेलर १८९९ मध्ये माँट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला.

१८९७ मध्ये चार्ल्स मिलरने एकट्याने २,०८८ मैल कापले. या छळावर वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली. शेवटी १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला: एका स्वाराने दिवसात बारा तासांहून अधिक सायकल चालवायची नाही. पण तिकिटे तर चोवीस तास विकायची! आयोजकांनी तोड काढली. दोघांची जोडी करायची, एकाने चालवायचे, दुसऱ्याने विसावा घ्यायचा. १८९९ मध्ये मिलर आणि फ्रँक वॉलर या जोडीने २,७३३ मैल कापले. जोडीदाराचा हात धरून त्याला पुढे झोकून देण्याची या प्रकारातली रीत पुढे प्रसिद्ध झाली. त्या सभागृहावरून ‘मॅडिसन’ हे नाव मिळालेला हा प्रकार २००० साली ऑलिंपिकमध्येही आला.

वाचकहो, तास कमी केले तर खेळ बुडेल, अशी भीती ज्यांना होती, त्यांना आकड्यांनीच उत्तर दिले. विसावा मिळाला, भार वाटला गेला आणि मैल वाढले. आपल्या घरात कुणी रोज डबल ड्युटी करीत असेल, तर त्याला ही हकिगत जरूर वाचून दाखवा.