दोन भाषांच्या सीमेवरचा नाका

मोबाइलवर आलेले छायाचित्र बोटाच्या एका स्पर्शाने उघडते. ते दाखवणारे अॅप बहुधा जावा किंवा कोटलिन या भाषेत लिहिलेले असते. पण छायाचित्राची दाबून बसवलेली माहिती उलगडण्याचे काम सी किंवा सी प्लस प्लस या भाषांतील आज्ञावली करते. दोन्ही भाषांचे नियम वेगळे, स्मृती सांभाळण्याची पद्धत वेगळी आणि चूक झाल्यास ती कळवण्याची रीतही वेगळी. तरीही त्यांच्यात क्षणोक्षणी देवाणघेवाण चालू असते. ही देवाणघेवाण सुरळीत असेपर्यंत वापरणाऱ्याला तिची गंधवार्ताही नसते. ती बिघडली की अॅप अचानक बंद पडते, आणि क्वचित फोनच्या सुरक्षेलाच खिंडार पडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये याचा प्रत्यय जगभर आला. 'वेबपी' प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या 'लिबवेबपी' या सी भाषेतील लायब्ररीत गंभीर दोष आढळला. विशिष्ट पद्धतीने रचलेले चित्र समोर आले, की ही लायब्ररी आपल्यासाठी राखलेल्या जागेच्या पलीकडे माहिती लिहीत असे. गूगलने ११ सप्टेंबरला क्रोम ब्राउझरसाठी दुरुस्ती जारी केली आणि या दोषाचा गैरवापर सुरू झाल्याचेही मान्य केले. मात्र ही लायब्ररी एकट्या क्रोममध्ये नव्हती. फायरफॉक्सपासून पायथन भाषेतील 'पिलो' या चित्रविषयक संचापर्यंत अनेकांना घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. पायथनमध्ये लिहिणारा प्रोग्रामर सहसा असा दोष निर्माण करू शकत नाही; पण पायथनने ज्या लायब्ररीला काम सोपवले होते, ती सीमध्ये होती. सुरक्षित भाषेची तटबंदी सीमेपाशी संपते, हा या प्रकरणाचा धडा.

पहारा कोणाचा?

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा भाषा जगापुढे आणली. जावाची आज्ञावली 'रनटाइम' नावाच्या व्यवस्थेच्या देखरेखीखाली चालते. माहितीला जागा देणे, वापरात नसलेली माहिती काढून टाकणे, दहा खणांच्या यादीतील अकरावा खण कोणी मागितला तर त्याला अडवणे, ही सारी कामे रनटाइमची. जागा साफ करणाऱ्या भागाला 'गार्बेज कलेक्टर' म्हणतात. सी भाषेत असा पहारेकरी नाही. जागा मागून घेणे, ती परत करणे आणि मर्यादा पाळणे ही जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रामरची.

मग सीला घरात घ्यायचेच कशाला? याची कारणे व्यावहारिक आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमची दारे प्रामुख्याने सीच्या पद्धतीने उघडतात. चित्र, ध्वनी, सांकेतिकीकरण अशा जड कामांत सीचा वेग उपयोगी पडतो. शिवाय वर्षानुवर्षे पारखलेली प्रचंड सामग्री या भाषेत तयार आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये माहिती साठवणारी 'एसक्यूलाइट' ही व्यवस्था २००० सालापासून सीमध्येच विकसित होत आली आहे. ती पुन्हा नव्याने लिहिण्यापेक्षा तिच्याशी बोलण्याची सोय करणे शहाणपणाचे ठरते. जावाने १९९७ मध्ये आपल्या १.१ या आवृत्तीत अशी सोय केली. तिचे नाव 'जावा नेटिव्ह इंटरफेस', म्हणजेच 'जेएनआय'.

शब्द तोच, माप वेगळे

जावातील एखादे काम 'नेटिव्ह' म्हणून जाहीर केले, की रनटाइम त्याचा मजकूर जावात शोधत नाही. अॅपने आधी सीची लायब्ररी स्मृतीत आणलेली असते. पहिल्यांदा हाक येताच रनटाइम ठरावीक पद्धतीने बनलेल्या नावाचे फंक्शन त्या लायब्ररीत शोधतो आणि सापडलेला पत्ता पुढच्या खेपांसाठी लक्षात ठेवतो. ते सापडले नाही, तर तेथेच चूक जाहीर होते.

पत्ता सापडला तरी सामान जसेच्या तसे पलीकडे जात नाही. साधी संख्या सहज जाते. कारण ती दोन्हीकडे सारखीच असते. मजकुराचे तसे नाही. 'मराठी' हाच शब्द घेऊ. संगणकाच्या हिशेबात त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. जावा ती प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण १० बाइटमध्ये ठेवते. सीकडे पाठवताना तोच शब्द सहसा यूटीएफ-८ पद्धतीत बदलला जातो. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले १५. शिवाय शब्द संपल्याची खूण म्हणून एक शून्य. पाच अक्षरांना पाच-सहा बाइट पुरतील, असे इंग्रजीवरून गृहीत धरणारी सी आज्ञावली मराठी नावाशी गाठ पडताच शेजारच्या जागेवर अतिक्रमण करते. इमोजीची गंमत आणखी वेगळी. जेएनआयची यूटीएफ-८ पद्धत प्रमाण पद्धतीहून किंचित निराळी आहे. प्रमाण पद्धतीत चार बाइटमध्ये मावणारे हसरे तोंड जेएनआयला सहा बाइटमध्ये हवे असते. हा फरक न पाळल्यामुळे अॅप कोसळल्याचा अनुभव प्रोग्रामरना नवा नाही.

चपलांच्या बिल्ल्याची युक्ती

याहून नाजूक प्रश्न वस्तूंच्या पत्त्यांचा आहे. जागा मोकळी करताना गार्बेज कलेक्टर अनेकदा उरलेल्या वस्तू सरकवून एकत्र करतो. जावातील सर्व नोंदी तो स्वतःच बदलत असल्याने तेथे काही बिघडत नाही. पण सीने एखाद्या वस्तूचा पत्ता स्वतःच्या वहीत टिपून ठेवला असेल, तर वस्तू हलल्यावर त्या पत्त्यावर भलतेच काही सापडेल.

यावरचा उपाय देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर पाहायला मिळतो. भाविकाला चपला कोणत्या फळीवर ठेवल्या हे सांगितले जात नाही. त्याच्या हाती बिल्ला दिला जातो. गर्दी वाढली की सांभाळणारा चपला दुसऱ्या फळीवर हलवतो, पण बिल्ला दाखवताच त्याच चपला मिळतात. रनटाइमही सीला खरा पत्ता न देता असा बिल्लाच देतो. त्याला 'रेफरन्स' म्हणतात. साधा बिल्ला त्या एका फेरीपुरता असतो. सीचे फंक्शन संपले की तो बाद. वस्तू जास्त काळ हवी असेल तर 'ग्लोबल' बिल्ला मागून घ्यावा लागतो आणि काम संपल्यावर आठवणीने परत करावा लागतो. तो परत केला नाही, तर ती वस्तू निरुपयोगी होऊनही जागा अडवून बसते. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपूर्वी एका वेळी ५१२ साध्या बिल्ल्यांचीच मर्यादा होती. लांबलचक यादीवर काम करताना बिल्ले परत न करणारी अॅप्स या मर्यादेला धडकून बंद पडत.

नियम मोडूनही काम चालून गेले की चूक किती काळ लपून राहते, याचा नमुना २०११ मध्ये दिसला. तोपर्यंत अँड्रॉइडची 'डाल्विक' ही रनटाइम व्यवस्था वस्तू हलवत नसे आणि साध्या बिल्ल्याच्या नावाखाली सीला थेट पत्ताच मिळत असे. त्यामुळे बाद झालेले बिल्ले पुन्हा वापरणारी अॅप्सही नशिबाने चालत होती. पुढे वस्तू हलवता याव्यात, म्हणून अँड्रॉइड ४.० मध्ये खरे बिल्ले देण्यास सुरुवात झाली आणि ही चूक उघडी पडली. जुन्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अॅप्सना सांभाळून घेण्यासाठी जुनी पद्धत काही काळ मागच्या दाराने चालू ठेवावी लागली.

नाक्यावरची नोंद

सफाई करायची तर जावाच्या सर्व धाग्यांची, म्हणजे एकाच वेळी चाललेल्या कामांची, नक्की स्थिती कलेक्टरला ठाऊक हवी. सीमध्ये गेलेल्या धाग्याला मात्र तो मध्येच थांबवू शकत नाही. म्हणून सीमा ओलांडताना प्रत्येक धागा 'मी आता बाहेर आहे' अशी नोंद करून जातो. बाहेर असताना तो जावाच्या वस्तूंना परस्पर हात लावत नाही, हे गृहीत धरून कलेक्टर त्याची वाट न पाहता सफाई सुरू करतो. धागा परतला की नाक्यावर चौकशी होते. सफाई चालू असेल तर त्याला ती संपेपर्यंत थांबावे लागते. पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीतही असाच शिष्टाचार आहे. तेथे सर्व धाग्यांमध्ये मिळून एकच किल्ली असते आणि लांबणारे काम हाती घेणाऱ्या सी आज्ञावलीने ती खाली ठेवून जायचे असते. ती खिशात घालून गेली, तर बाकीचे ताटकळत बसतात.

उलट दिशेचा प्रवास अधिक अवघड आहे. गाणे संपले, किंवा कॅमेऱ्याचे पुढचे दृश्य तयार झाले, हे कळवण्यासाठी सीला जावाला हाक मारावी लागते. हाक मारणारा धागा सीनेच निर्माण केलेला असेल, तर रनटाइमला त्याची ओळखच नसते. त्याने आधी रनटाइमकडे नाव नोंदवायचे आणि निघताना ते काढून घ्यायचे. नाव न काढता संपणाऱ्या धाग्यामुळे अँड्रॉइड संपूर्ण अॅपच बंद करतो. चुकीच्या सूचनेचेही तसेच. जावात चूक झाली की पुढचे काम आपोआप थांबते. पण सीने बोलावलेल्या जावात चूक झाली, तर ती नुसती नोंदवून ठेवली जाते आणि सी आपल्या वाटेने पुढे चालू लागते. 'काही चुकले का?' हे प्रत्येक हाकेनंतर सीने स्वतः विचारायचे असते.

या सोपस्कारांना वेळ लागतो. म्हणून हजार ठिपके एकेक करून पाठवण्यापेक्षा हजारांची रास एकाच खेपेत पाठवावी, असा संकेत आहे.

जुनी अॅप्स का अडतात?

ग्राहकाला या सीमेची झळ आणखी एका मार्गाने पोहोचते. १ ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने अॅप्सना ६४ बिटची आवृत्ती सक्तीची केली. केवळ जावा किंवा कोटलिनमधील अॅप्सना वेगळे काही करावे लागले नाही, कारण फोनच्या प्रोसेसरला साजेशी रचना रनटाइम स्वतःच करतो. सीची लायब्ररी असणाऱ्यांना मात्र ती नव्याने बांधून घ्यावी लागली. २०२५ मध्ये आलेली, स्मृतीची पाने ४ ऐवजी १६ किलोबाइटची असली तरी अॅप चालले पाहिजे, ही अटही याच जातीची. ज्याने लायब्ररी लिहिली तो व्यवसाय सोडून गेला आणि मूळ मजकूर हाती नाही, अशी वेळ आली की चांगले चालणारे अॅपही अडून बसते.

नवा रस्ता

जावाने मार्च २०२४ मध्ये २२ व्या आवृत्तीत परक्या आज्ञावलीशी बोलण्याचा नवा मार्ग पक्का केला. त्यात दुभाष्याचे काम करणारी सीची जोडआज्ञावली लिहावी लागत नाही. परक्या स्मृतीचा तुकडा किती मोठा, किती काळ वैध आणि कोणत्या धाग्याचा, हे जावाच तपासते. मुदत संपलेल्या तुकड्याला हात लावला, तर अॅप न कोसळता रीतसर चूक जाहीर होते. मार्च २०२५ च्या २४ व्या आवृत्तीपासून तर परवानगी न देता सीमा ओलांडणाऱ्याला इशाराही दिला जातो. अँड्रॉइडवर अद्याप जेएनआय हाच रुळलेला रस्ता आहे. तेथे भर आहे तो सीमेपलीकडची वस्तीच सुधारण्यावर. नवे भाग रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिल्यामुळे अँड्रॉइडमधील सुरक्षा दोषांत स्मृतीविषयक दोषांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गूगलने जाहीर केले आहे.

तरीही नव्या मार्गाने सीच्या पोटातील दोष नाहीसे होत नाहीत. रनटाइम नाक्यावर सामान तपासू शकतो. पलीकडच्या गावात काय चालते, यावर त्याचा ताबा नसतो. म्हणूनच एखादे अॅप कोणत्या परक्या लायब्रऱ्यांवर उभे आहे, याची नोंद ठेवणे आणि दुरुस्ती आली की ती तातडीने बसवणे हे बनवणाऱ्याचे कर्तव्य ठरते. फोनवर वरचेवर येणारी 'अपडेट'ची सूचना नकोशी वाटली, तरी ती पुढे ढकलू नये. तिच्या आत अनेकदा या सीमेवरचेच एखादे खिंडार बुजवलेले असते.