पापणीआडची लाली

सकाळी ६
माण तालुका दुष्काळी, पण भाद्रपदात माळ हिरवा असतो आणि जंतांची सुगीही तेव्हाच. वाघरीतली मेंढरं सुटायच्या आत मी पोचते. दव उडेपर्यंत ती सोडू नयेत, हे माझं नेहमीचं सांगणं. लेंडीतल्या अंड्यांतून निघालेली अळी त्या ओलीतूनच पात्यावर चढते आणि बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन बोटांतच राहतात. मेंढरू तर गवत बुडापासून खुडतं.

६.३०
एकेकीची खालची पापणी उलटवून तक्त्याशी ताडून बघायची. लालबुंद ते पांढरीफटक अशा ५ छटांचा हा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला. हिमाँकस जंत रक्तावरच जगतो. त्याची खूण इथं दिसते. एका मेंढीची पापणी कागदासारखी पांढरी, जबड्याखाली पाणी उतरलेलं. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो.

"मॅडम, सगळ्यांनाच पाजा की एकदाचं."

"नको तात्या. सगळ्यांना पाजलं तर औषधाला न मरणारे जंतच तेवढे उरतील, आणि पुढं त्यांचीच पैदास होईल."

हे नुसतं भय नाही. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ साली आलं आणि १९६४ पर्यंत त्याला दाद न देणारे हिमाँकस सापडलेसुद्धा. म्हणून शेवटच्या दोन छटांच्या मेंढ्या आणि अशक्त कोकरं एवढ्यांनाच पाजते, तेही वजन करून. अंदाजानं कमी पाजणं मला फार घातक वाटतं.

११
दवाखान्यात लेंड्यांची तपासणी. २ ग्रॅम लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवल्या की अंडी वर तरंगतात. ती मोजायची.

दुपारी ३
मेलेली मेंढी आणलीय. चौथं पोट उघडलं. आतल्या अस्तरावर दोन-तीन सेंटिमीटरचे जंत वळवळताहेत. मादीचं रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळलेलं पांढरं अंडाशय नुसत्या डोळ्यांना दिसतं. अशी एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. उन्हाळ्यात माळावरच्या अळ्या करपतात, पण काही मेंढीच्या पोटात वाढ थांबवून पावसाची वाट बघतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात टेलाडोर्सेजिया हा दुसरा जंत हिवाळा असाच काढतो.

संध्याकाळी ७
तात्यांचा फोन. उद्या मेंढरं कुठं न्यावीत?

"मूग निघालेल्या रानात बसवा, पावसाळाभर तिथं मेंढरू फिरकलेलं नाही. आणि सकाळच्या त्या पांढऱ्या पापणीच्या मेंढीच्या ताज्या लेंड्या दोन आठवड्यांनी आणा, औषध लागू पडलं का बघू."