सिंबिडियम फुलत नाही? दोष तुमच्या हाताचा नाही!

गंगटोक-दार्जिलिंगची सहल झाली, की परतीच्या सामानात चहाच्या पुड्याबरोबर ऑर्किडचं एखादं रोप असतंच. बहुधा ते सिंबिडियम असतं. लांब, हिरवीगार पानं; आणि विकणाऱ्यानं दाखवलेल्या फोटोत दीड-दोन महिने टिकणाऱ्या फुलांचा झुपकेदार तुरा. सांताक्रूझच्या गॅलरीत पहिलं वर्ष पानं वाढतात, दुसरं वर्षही पानंच! मग घरात कोणीतरी म्हणतंच, "हिच्या हाताला झाडच लागत नाही."

मैत्रिणींनो, हे बोलणं मुळीच मनाला लावून घेऊ नका. गोम हातात नाही, हवेत आहे.

हिमालयातली ही सिंबिडियम साधारण हजार ते अडीच हजार मीटर उंचीवर राहणारी. पावसाळा सरला, की तिथल्या रात्री गार होतात. काही आठवडे रात्रीचा पारा १० ते १४ अंशांवर आला आणि दिवस त्याहून बराच उबदार राहिला, तरच झाडाला तुरा धरायची बुद्धी होते. आता आपल्याकडचं पाहा. मुंबईचं तापमान म्हणून आपण ऐकतो ते बहुतेक वेळा सांताक्रूझच्या वेधशाळेतलंच. तिथं ऐन जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनं १६-१७ अंशांवर असतो, मे महिन्यात २६-२७ वर. २२ जानेवारी १९६२ ला तो ७.४ अंशांपर्यंत उतरला होता खरा. पण एका रात्रीच्या थंडीनं काय होणार?

उकाड्याच्या रात्री आणखी एक नुकसान होतं. दिवसा उन्हात तयार केलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्चून टाकतं. पगार पहिल्याच आठवड्यात उडाला, तर सणाला शिल्लक काय राहणार? तसंच हे! बर्फाचं पाणी घालून किंवा खत वाढवून हे साधत नाही. उलट मुळं कुजतात.

मग हौस सोडायची का? छे! याच सिंबिडियम कुळातल्या दोन जाती, अ‍ॅलोईफोलियम आणि बायकलर, आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत आंबा-फणसाच्या झाडांवर वाढतात. पानं जाड, चामड्यासारखी. तुरे खाली लोंबणारे. त्यांना आपला उकाडा मानवतो. 'सीतेची वेणी' आणि बाजारात मिळणारी संकरित डेंड्रोबियमही इथं छान रमतात. मराठीत ऑर्किडला 'आमरी' म्हणतात. ती बांडगूळ नव्हे. झाडाचा नुसता आधार घेते, रस शोषत नाही.

एवढं मात्र सांभाळा :
• कुंडीत माती नको. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण घाला.
• पूर्वेची गॅलरी उत्तम. दुपारचं कडक ऊन टाळा.
• पाणी सकाळी द्या. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नका.
• खत अगदी पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा.
• रोप रोपवाटिकेतूनच घ्या. आंबोली-महाबळेश्वरच्या रानातून ओरबाडून आणू नका; तिथं एक रोप फुलण्याइतकं वाढायला कित्येक वर्षं लागतात.

आणि गंगटोकचं ते रोप? महाबळेश्वर-पाचगणीला कोणी नातलग असतील, तर त्यांच्याकडे धाडून द्या. तिथल्या गार रात्रींत ते फुलण्याची आशा आपल्यापेक्षा नक्कीच जास्त. नाहीतर हिरव्या पानांसाठी ठेवा. मात्र स्वतःला बोल लावू नका.