तोफा शिंद्यांच्या, रोकड कंपनीची

इंग्रजांकडे आधुनिक तोफा होत्या आणि आपल्याकडे ढाल-तलवार, म्हणून राज्य गेलं, असं आपण सहज बोलून जातो. असईची लढाई बघितली की हे पटत नाही.

आजच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसले या मराठा सरदारांच्या सैन्यावर चालून गेली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी ऐनवेळी झटपट मोहरा फिरवला आणि तोफांनी असा मारा केला, की इंग्रजांच्या ७४व्या पलटणीतले सुमारे पाचशेपैकी चारशे गोरे शिपाई मेले वा जखमी झाले. वेलस्लीची तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसं कामी आली किंवा घायाळ झाली. लढाई जिंकून हाती आलेल्या शिंद्यांच्या पितळी तोफा इंग्रजांनाही वापराव्याशा वाटल्या, इतक्या त्या चांगल्या होत्या!

१७६१च्या पानिपतातच मराठ्यांचं सगळं संपलं, हीही अशीच समजूत. १७७२च्या जानेवारीत मराठ्यांनी मुघल बादशहा शहाआलमला दिल्लीत आणून बसवलं. १७७९ला वडगावात कंपनीच्या फौजेने शरणागती पत्करली. संपलेल्यांना हे जमत नाही.

आणि ‘मूठभर गोऱ्यांनी’ देश जिंकला, हेही अर्धंच खरं. असईत कंपनीच्या बहुतेक पलटणी एतद्देशीय शिपायांच्याच होत्या. त्यांना कंपनीने बांधून ठेवलं ते वेळच्या वेळी मिळणाऱ्या पगाराने. १७६५ला दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाल्यापासून बंगालचा महसूल हाती होता, आणि त्या भरवशावर आपलेच सावकार कंपनीला कर्ज देत होते. मराठी सरदारांची मिळकत सरंजामात विखुरलेली. शिपायांचा पगार थकायचा, मग ते धन्याच्या दारात धरणं धरून बसायचे. उपाशी माणूस कवायत किती दिवस करणार?

राहिली फितुरी. ती होतीच, पण तिलाही पैसा लागतो. १८०३च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं, की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचा पगार आम्ही देऊ. बरेच जण गेले. शिंद्यांच्या उत्तरेतल्या फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ असईच्या आधीच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. शिंद्यांच्या नोकरीत कमावलेला पैसा त्याने कंपनीकडेच गुंतवला होता.