शेकाची जुनी जागा पुन्हा लाल झाली तर...

घरातल्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला. शहरात नेऊन छातीवर किरणांचा शेक दिला. काळवंडलेली कातडी पुढे निवळली. मग काही महिन्यांनी सलाइनमधून नवे औषध सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत नेमकी तीच जागा लाल झाली, आग होऊ लागली. बाकी अंग मात्र स्वच्छ! अशा वेळी घरचे म्हणतात, "आजार उलटला."

माता-भगिनींनो, दरवेळी तसे नसते. डॉक्टर याला ‘रेडिएशन रिकॉल’ म्हणतात. जणू कातडीला जुना शेक आठवतो! अमेरिकेतील डॉ. दँजिओ व सहकाऱ्यांनी १९५९ साली अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या औषधाबाबत हे प्रथम नोंदवले. डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, जेमसिटाबिन यांनीही असे होते. थोड्याच रोग्यांना होते; पण शेकाला वर्षे लोटल्यावरही होऊ शकते.

मग काय करावे? त्या जागी हळद, चुना, झाडपाला लावू नका. औषध आपल्या मनाने बंद करू नका. पण पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना जागा दाखवा. ते औषध थांबवतील, बदलतील किंवा सूज उतरवणारे मलम देतील. जंतू झाले आहेत की रोग परतला आहे, हेही तेच तपासतील. ताप आला, फोड फुटले किंवा पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुती, सैल कपडे घाला. त्या जागेला ऊन लागू देऊ नका.

आणि शेकाचे कागद सातबाऱ्यासारखे जपा. क्षयाच्या व इतर काही औषधांनीही असे झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून साध्या खोकल्यासाठी गेलात तरी ते कागद आधी दाखवा.