सॅक माळ्यावर नको

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला मेळघाटच्या पाणवठ्यांवर रात्रभर मचाणावर बसून वन्यप्राणी मोजणारी मंडळी सकाळी अमरावती-अकोल्याला परततात आणि सॅक माळ्यावर जाते. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद, त्यामुळे ती अनेक घरांत दिवाळीच्या आसपासच खाली उतरते. जंगलात होत नाही तेवढं सामानाचं नुकसान या मधल्या महिन्यांत होतं.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. टिनाच्या छताखालचा माळा त्याहूनही तापतो. कॅम्पिंग स्टोव्हच्या गॅसच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, असं छापलेलं असतं. तो डबा खालीच हवा. हवेशीर सावलीत, चूल-समईपासून दूर.

मग बाकीचं सामान कूलरच्या खोलीत ठेवावं? तिथे गारवा असतो, पण ओलही असते. तंबूच्या कापडाला बहुधा आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, पाणी तोच अडवतो. ऊब आणि ओल यांची गाठ पडली की पाणी या थराचे रासायनिक बंध तोडत जातं. तंबू हाताला चिकट लागतो, आंबूस वास येतो, पुढे पापुद्रे सुटतात. तो थर धुऊन परत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चांगला तंबू स्वस्त नसतो.

मे महिन्यातली आपली कोरडी हवा इथे कामाची. ओसरीत, सावलीत तंबू पसरा. कडक उन्हात नायलॉन कमजोर होतं. श्रावणात चिखलदऱ्याहून भिजून आलेला तंबू पंख्याखाली शिवणींपर्यंत सुकवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते.

स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची. महिनोन्‌महिने कोंबून ठेवली की आतला भराव चपटा होतो. जुन्या सुती चादरीची मोठी खोळ शिवून तिच्यात बॅग सैल ठेवा, शक्यतो लोखंडी कपाटात. सॅकचे कप्पे झटका. चिवड्याचे चार दाणे उंदराला पुरतात. हेडटॉर्चमधले सेल काढा, पॉवर बँक अर्धी चार्ज ठेवा.

बुटांच्या तळव्यातही अनेकदा पॉलियुरेथेनच असतं. नरनाळ्याला निघण्याच्या आठवडाभर आधी तळवा वाकवून पाहा. नुसती कड सुटली असेल तर मोची चिकटवून देईल. भुगा पडत असेल तर ते बूट गडावर नेऊ नका.