मीटर गेजचा ताशी ७५

पूर्णा जंक्शनवरच्या जुन्या गाड्यांची आठवण निघाली की बोलणं कोळशाकडे, वाफेच्या शिट्टीकडे वळतं. वेगाचं नाव क्वचितच कुणी घेतं. खरं तर या गावाचा रेल्वे-इतिहास वेगमर्यादेतूनच उत्तम कळतो.

निजामाच्या राज्यातला हैदराबाद–मनमाड मीटर गेज मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. पुढे लोकोशेड, ड्रायव्हर-फायरमनांच्या वसाहती, टेल्कोची वायपी इंजिनं.

मीटर गेजवर कमाल मर्यादा साधारणपणे ताशी ७५ किलोमीटर. इंजिनात दम असला तरी दोन रुळांत अंतर फक्त १,००० मिलिमीटर. एवढ्या अरुंद पायावरचा डबा वळणावर लवकर कलतो, हलका रूळ हादरे सोसत नाही. म्हणून वेग रस्ता ठरवायचा. वेगमापक नसला तरी ड्रायव्हरचा कान होता. १२ मीटरच्या रुळांवर ४३ सेकंदांत चाकाचे जितके खटके, तितके ताशी किलोमीटर. पंच्याहत्तर खटके झाले की रेग्युलेटर आवरायचा. या हिशेबाचं मला फार अप्रूप आहे.

१९६७ मध्ये काचीगुडा–मनमाड अजिंठा एक्स्प्रेसचा सरासरी वेग ताशी ४२.५ किलोमीटर होता, आणि देशातल्या मीटर गेजवर तो सर्वाधिक मानला जाई. पंच्याहत्तर आणि साडेबेचाळीस यांतली तफावत कुठे जायची? पाणी भरण्यात, एकेरी मार्गावरच्या क्रॉसिंगमध्ये, कॉशन ऑर्डरमध्ये, म्हणजे ठरावीक जागी हळू जाण्याच्या लेखी सूचनेत. लूप लाइनला वळताना ताशी १५. पुढच्या टप्प्यात शिरण्याचा परवाना म्हणजे टोकन; ते हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. रूळदुरुस्तीच्या जागी पिवळ्या त्रिकोणी पाटीवर काळा आकडा, आणि बरंच पुढे मर्यादा संपल्याची ‘टी/पी’ची गोल पाटी. ती इतकी पुढे असते की इंजिन तिथे पोचेपर्यंत शेवटचा डबाही नाजूक जागा ओलांडून गेलेला असतो. तोवर वेग वाढवायचा नाही, गाडीला कितीही उशीर झालेला असो.

१९९० च्या दशकात मनमाडकडून रुंदीकरण पूर्णेत पोचलं, हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर झालं आणि पंच्याहत्तरची मर्यादा मागे पडली. त्या काळातली वर्किंग टाइम टेबलं निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी असतील, तर ती रद्दीत जाता कामा नयेत. कुठल्या पुलावर, कुठल्या वळणावर किती वेगाने जायचं, हे त्यांत किलोमीटरनिशी लिहिलेलं असतं.